वन्संच्या किडन्या आणि शहाळी

परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, झरीच्या आत्याआजींचं लिव्हर खराब आहे, म्हणजे त्या ड्रिंक करायच्या का?" तुमचे बाबा इतके दचकले की त्यांच्या हातून फोनच पडला आणि मला बराच वेळ तुमच्या घराचं छत दिसत राहिलं. नंतर विषय बदलला. पण प्रश्न विचारला आहे तर उत्तर मिळायला हवं, म्हणून लिहून पाठवते आहे. उत्तर 'नाही' असं आहे. मात्र या उत्तरावर झरीतसुद्धा कोणाचा विश्वास बसला नव्हता, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

झरीच्या आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण, माझ्या नणंद. मी त्यांना वन्सं म्हणते. यजमान गेल्यापासून शेती त्याच बघतात. बांधावर उभं राहून त्यांनी हाक मारली तर शेजारच्या शेतातला गडीही आधी 'ओ' देतो आणि मग बघतो की आपल्याला बोलावलं होतं का. मी सासरी आले तेव्हा इंग्रजी शिकलेली म्हणून त्या मला थोड्या बिचकून होत्या. ते बिचकणं जेमतेम एक दुपार टिकलं.

काही वर्षांपूर्वी त्यांचं पोट फुगायला लागलं, पाय सुजले. तपासण्या झाल्या, लिव्हर कडक झाल्याचं निघालं. पूर्वी गावात एकच सुई सगळ्यांना टोचायचे. तशा कुठल्या तरी सुईतून रक्तातली कावीळ शरीरात शिरली असावी आणि गुपचूप बसून राहिली असावी, असा डॉक्टरांचा अंदाज. पण गावात 'लिव्हर' हा शब्द एकाच वस्तूशी जोडलेला. पारावर बसणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांना धीर करून विचारलंच, "मावशी, खरं सांगा, कवापासून घ्यायलात?"

वन्सं म्हणाल्या, "तू सोडलीस तवापासून. तुझ्या वाटची कुनीतरी प्यावी लागंल का न्हाई?"

तर असं ते चाललं होतं. पोटातलं पाणी उतरायच्या गोळ्या, बिनमिठाचं जेवण, महिन्याला परभणीची एक फेरी. मग उन्हाळ्यात त्यांचे गुडघे धरले. त्यांनी गावातल्या मेडिकलवाल्याकडून दुखण्याची गोळी आणली आणि कोणाला न सांगता रोज घ्यायला लागल्या. फार गुण आला. आधी गुडघे थांबले, आणि त्यांच्या मागोमाग लघवीही थांबली.

भाच्याने, म्हणजे त्यांच्या मुलाने, त्यांना परभणीला आमच्या घराजवळच्या दवाखान्यात आणलं तेव्हा त्या गुंगीत होत्या. डोळे हळदीसारखे. डॉक्टर तरुण, शेतकऱ्याच्या घरातला. त्याने गोळ्यांची रिकामी पट्टी बघून कपाळाला हात लावला. लिव्हरच्या पेशंटने ही गोळी घ्यायचीच नसते, म्हणाला. बाटल्या लागल्या. दुसऱ्या दिवशी वन्सं जरा शुद्धीवर आल्या आणि पहिला प्रश्न त्यांनी त्यालाच टाकला.

"लिव्हर बिघडलंय त्ये म्हाईत हाय. किडनीला काय धाड भरली?"

डॉक्टर स्टूल ओढून बसला. "आजी, तुमच्या रानाला कालव्याचं पाणी येतं का?"

"येतंय की. पर आमी टेलला."

टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, हे तुम्हाला सांगायला हवं.

"वरच्या लोकांनी दारं फोडून आपल्या रानात पाणी घेतलं, तर टेलला काय पोचतं?"

"डोंबल पोचतंय!"

"तसंच झालंय. लिव्हर कडक झालं की पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. रक्त तिथंच पसरतं, पाणी पोटात झिरपतं. किडनी बसली टेलला. तिच्यापर्यंत जोरच पोचत नाही. तिला वाटतं दुष्काळ पडला, म्हणून ती लघवी बंद करून पाणी धरून ठेवते. किडनी स्वतः चांगली आहे. रान चांगलं आहे, पाणी नाही."

वन्संनी क्षणभर विचार केला. "मंग वरची दारं बंद करा की!"

"त्याचंच इंजेक्शन चालू केलंय."

मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलं, पण इतका थोडक्यात झालेला तास मी पाहिला नाही. वन्संना सगळं पटलं. वरांड्यात मात्र डॉक्टरने भाच्याला आणि मला जे सांगितलं त्यात कालवा नव्हता. लिव्हर फार पुढे गेल्यावर किडन्या अशा बसतात. इंजेक्शनने जाग्या झाल्या तर झाल्या. नाही झाल्या तर नवीन लिव्हर बसवणं हा एकच उपाय, आणि या वयात, या प्रकृतीत तो होणार नाही. "सगळं लघवीवर आहे मामी," भाचा मला म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

लघवीची नळी घालायला डॉक्टर तयार नव्हता. अशा पेशंटला त्यातून जंतू लागतात म्हणे. म्हणून खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावला, त्यामागे भोकाची खुर्ची ठेवली आणि खाली आकडे छापलेलं प्लास्टिकचं मापाचं भांडं. वन्सं भिंत धरून तेवढी पाच पावलं चालू शकत होत्या. किती झाली ते बघून तक्त्यावर लिहायचं काम मी मागून घेतलं. सिस्टर लिहायच्या, पण त्यांचा सातचा आकडा एकच्या आकड्यासारखा दिसायचा आणि मला ते सहन होत नव्हतं.

पथ्य दोनच. मीठ नाही, आणि नारळपाणी नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असतं, किडनी बंद असताना ते बाहेर पडत नाही, आणि रक्तात साचलं तर हृदय थांबू शकतं. मिठाचं ठीक होतं. नारळपाणी नाही हे ऐकून मात्र मला डॉक्टर परभणीचा आहे की नाही अशी शंका आली.

कारण आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जात नाहीत. परभणीत नारळाचं एक झाड बघायला मिळायचं नाही, पण प्रत्येक दवाखान्याच्या दाराशी शहाळ्यांचा गाडा असतो आणि त्यावर गाडेवाल्याचं पूर्ण कुटुंब पोसलं जातं. आणि शहाळं नुसतं देऊन भागत नाही. आजाऱ्याने ते आपल्या डोळ्यांदेखत प्यायला हवं. त्याशिवाय भेट पोचत नाही.

वन्संची झरीतली वट मोठी, लेक वालूरला दिलेली. त्यामुळे माणसांची रीघ लागली. जीप भरून यायचे. मी दारात उभी राहून समजावायचे. एका बाई म्हणाल्या, "लघवी होईना म्हून तर आनलंय! नारळपान्यानं लघवी मोकळी होती, एवढं बी कळंना व्हय तुमच्या डॉक्टरला?" दुसरे म्हणाले, "देवाचं पानी हाय त्ये. देवाच्या पान्यानं कवा कुनी मेलंय?" वालूरचे व्याही, म्हणजे वन्संच्या लेकीचे सासरे, शहाळं मांडीवर घेऊन बसले. मी त्यांना पोटॅशियम समजावलं. रक्तात ते कुठून येतं, कुठून जातं, सगळं. त्यांनी मान हलवत हलवत शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "मंग अर्धं प्या."

मी शहाळं त्यांच्या मांडीवरून उचललं आणि कॉटखाली ठेवलं. व्याही उठले, उपरणं झटकलं आणि निघून गेले. त्या दिवशी वन्सं माझ्यावर अशा काही चिडल्या की शेजारच्या खोलीतल्या पेशंटचे नातेवाईक डोकावून गेले.

"वैनी, तू शिकलीस म्हून माझ्या मानसांची इज्जत काढनार व्हय? लेक दिलीय मी त्या घरात! मानूस उनातानाचं येतंय, अन् ही त्याला दारात शाळा भरवायली!"

"वन्सं, तुम्हाला मरायचंय का?"

"न्हाई!" त्या ओरडल्या. "मला मरायचं न्हाई. मी काय पिनार न्हाई. पर त्यांच्या तोंडावर न्हाई बी म्हननार न्हाई. माझं मी बगते. तू मधी पडू नकोस."

आणि त्यांनी खरोखरच बघितलं. दुसऱ्या दिवसापासून कोणी शहाळं आणलं की त्या म्हणायच्या, "आना, आना. गिलासात वता." मग पदर डोक्यावरून पुढे ओढून, "मोठ्या मानसांच्या म्होरं मी कवा खाल्लं-पिलं न्हाई, आता म्हातारपनी कशाला," असं म्हणत ग्लास घेऊन भिंत धरत पडद्यामागे जायच्या. थोड्या वेळाने पदराने तोंड पुसत बाहेर. "लय ग्वाड हाय," म्हणायच्या. पाहुणे तृप्त होऊन जायचे. वालूरचे व्याहीसुद्धा परत आले. पडद्यामागे कपडे भिजवायची बादली होती. त्या ग्लास बादलीत ओततात हे मी गृहीत धरलं, आणि मनातल्या मनात वन्संना मानलं. मला जे व्याख्यान देऊन जमलं नाही ते त्यांनी पदराने जमवलं होतं. न फोडलेली शहाळी मी घरी न्यायचे. तुमचे आजोबा आणि मी रात्री जेवण झालं की खोबऱ्याची मलई चमच्याने खरवडून खात बसायचो. खरं तर तो आठवडा खाण्यापिण्याच्या दृष्टीने वाईट नव्हता.

आणि काय सांगू, लघवी वाढली!

आधी भांड्याच्या तळाला चहासारखं काळपट काहीतरी असायचं. आता चांगलं भरायला लागलं. रंगही निवळला. सिस्टर टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. मी तक्त्यावर आकडा लिहून त्याखाली रेघ मारायचे. भाच्याने गावी फोन करून सांगितलं, आणि ती बातमी ऐकून आणखी एक जीप भरून माणसं आली.

खूश नव्हता तो फक्त डॉक्टर. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम टाळते आहे ते सांगणारा आकडा, उतरत नव्हता. थोडा चढतच होता. "लघवी इतकी छान," तो तक्ता उलटसुलट करत म्हणायचा, "मग हे का उतरेना?" माझ्या अक्षराचं त्याने कौतुक केलं, पण तक्त्याकडे तो ज्या नजरेने बघत होता ती नजर मला ओळखीची होती. नापास होणाऱ्या मुलाने अचानक चांगला पेपर लिहिला की मी तशी बघायचे.

मग मुंग्या आल्या. खिडकीतून एक रांग निघाली, भिंतीवरून उतरली आणि पडद्याखालून आत गेली. सिस्टरने पडदा सारला. सगळ्या मुंग्या भांड्याच्या काठावर.

लघवीला मुंग्या लागल्या म्हणजे काय, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं. भेटायला आलेल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. "अगं माय! आता साखर बी झाली!" संध्याकाळपर्यंत झरीला वन्संना साखर झाल्याचं कळलं होतं. सिस्टरने भांड्यात पट्टी बुडवली. पट्टीने गडद रंग दाखवला. साखर होती. बोटाला टोचून रक्त तपासलं. तिथे नव्हती. पुन्हा टोचलं. तरी नव्हती.

"बोट बदलून बगा," वन्संनी सुचवलं. "ह्या बोटात नसंल."

डॉक्टरने तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्याने भाच्याला आणि मला बोलावून सांगितलं, आणि त्याने सांगितलेलं अगदी तर्काला धरून होतं. रक्तात साखर नाही आणि लघवीत आहे, लघवी भरपूर आहे तरी क्रिएटिनिन चढतंय, याचा अर्थ किडनीच्या आतल्या चाळण्याच गळायला लागल्या. म्हणजे आपण समजत होतो तो हा आजार नव्हेच. रान चांगलं आहे हेच चुकीचं. मग हे इंजेक्शन देऊन उपयोग नाही; त्याचे स्वतःचे धोके आहेत. "आज ते बंद करतो. उद्या सकाळी मोठ्या शहरात हलवा, डायलिसिस लागेल. पण लिव्हर असं असताना डायलिसिसने किती निभेल…" अँब्युलन्स सकाळची ठरली.

भाच्याने आईला काही सांगितलं नाही. पण वन्संनी त्याचा चेहरा बघितला. "इंजेक्शन का काढलं रं?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "विश्रांती दिलीय." वन्संनी माझ्याकडे बघितलं. मला खोटं बोलता येत नाही हे त्यांना माहीत आहे. म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं.

सकाळी अँब्युलन्स खाली येऊन उभी होती. वन्सं शहरात जाणार म्हणून वालूरचे व्याही उजाडतानाच निरोप द्यायला हजर. हातात शहाळं. रीतसर ग्लास भरला गेला, वन्सं पडद्यामागे जाऊन आल्या, "लय ग्वाड" झालं. व्याही डोळे पुसत खाली गेले. मग डॉक्टर कागद घेऊन आला, आणि शेवटचा आकडा हवा म्हणून सिस्टरने भांडं बाहेर आणलं.

भांडं बाहेर आणता आणता ती थबकली. "सर, यात काहीतरी पडलंय."

आम्ही सगळे वाकलो. स्वच्छ पाण्यात एक पांढराशुभ्र, मऊ, किंचित वाकलेला तुकडा तरंगत होता.

भाच्याच्या तोंडून आवाज फुटला तो दवाखानाभर ऐकू गेला असणार. "किडनी! मामी, आईची किडनी गळून पडली!" आणि तो धाडकन स्टुलावर बसला. स्टूल नव्हतं तिथे. तो जमिनीवर बसला.

"कुटंय? बगू," वन्सं कॉटवरून म्हणाल्या.

डॉक्टरला किडनी अशी पडत नाही हे नक्कीच माहीत होतं, पण चाळण्या गळतात असं कालच बोलून बसल्यामुळे त्याचाही रंग उडाला होता. त्याने चिमटा मागवला. तुकडा उचलून उजेडात धरला. सिस्टरने तपासणीची बाटली पुढे केली.

मी चष्मा पुसला. गेला आठवडाभर रोज रात्री मी हेच चमच्याने खात होते.

"डॉक्टर," मी म्हणाले, "ती मलई आहे."

"काय?"

"शहाळ्यातली मलई. आणि कोवळी आहे."

मग सगळ्यांच्या माना एकाच वेळी कॉटकडे वळल्या. वन्संनी पदर सारखा केला.

"वन्सं," मी विचारलं, "तुम्ही ते पाणी बादलीत ओतत होता ना?"

"बादलीत माझं लुगडं भिजायलंय! त्यात वतू? चिकट हुईल न्हाई लुगडं?"

"म्हणून या भांड्यात?"

"मंग कुटं वतू? जमिनीवर? हितं दुसरं काय ठिवलंय तुमी? एक बादली अन् एक ह्ये." मग आवाज चढला. "तूच म्हनलीस न्हवं, पिऊ नका? न्हाई पिले! एक थेंब पिले न्हाई, आन घेऊन सांगते. आता ते बी चुकलं व्हय?"

"अहो, पण आम्ही ते मोजत होतो!"

"मला काय म्हाईत, तुमी काय मोजायलात! लघवी मोजतेत हे म्हनलीस. मला वाटलं लघवी कोनती अन् नारळपानी कोनतं एवढं तर तुमाला कळत आसंल. एवढी शिकलेली मानसं!"

डॉक्टरने मास्क वर ओढला. त्याचे खांदे हलत होते. सिस्टर तर पडद्यामागेच पळाली. पण दोन क्षणांतच डॉक्टरने मास्क खाली केला तेव्हा त्याचा चेहरा पूर्ण वेगळा होता. तो वन्संजवळ बसला.

"आजी, खरं सांगा. यात तुमची स्वतःची किती असायची?"

वन्सं जरा नरमल्या. "माझी कुठली? दोन-चार घोट. ह्या येवढी." त्यांनी तळहाताचा खोलगा करून दाखवला.

म्हणजे किडन्या उठल्याच नव्हत्या. पण गळतही नव्हत्या. रान चांगलं होतं, पाणीच पोचलं नव्हतं. आठवडाभर आम्ही जिचा जल्लोष केला ती सगळी वाढ गाड्यावरची होती. डॉक्टरने तिथेच सिस्टरला हाक मारली, इंजेक्शन पुन्हा लावायला सांगितलं, या वेळी डोस वाढवून. अँब्युलन्स परत गेली. माझा तक्ता त्याने चार घड्या करून खिशात घातला. फेकला नाही, ही त्याची सभ्यता.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न उरला. डॉक्टर दारावर पाटी लावू म्हणाला. मी म्हटलं, पाटी वाचून ते शहाळं आत आणतील आणि पाटीत काय लिहिलंय ते मला विचारतील. मी विचार केला आणि पुढच्या पाहुण्यांना दारातच सांगितलं, "वन्संनी बरं होईपर्यंत नारळ सोडलाय. देवाला बोलल्यात."

एकाने हूं की चूं केलं नाही. नवसापोटी एखादी वस्तू सोडली म्हणजे सोडली. तिथे 'मंग अर्धं प्या' म्हणायची छाती कोणाची होणार? एका बाईंनी तर शहाळं पदराआड लपवलं, वन्संच्या नजरेस पडून मोह व्हायला नको म्हणून. ज्या माणसांना पोटॅशियमने जागचं हलवलं नाही ती एका वाक्यात शहाळ्यासकट माघारी गेली. वन्संनी आतून ऐकलं. "हे आधी सुचलं न्हाई व्हय तुला?" म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. भांड्यात आता जे असायचं ते खरं असायचं, आणि ते फार थोडं असायचं. खोट्या आकड्यांनी आम्हाला जेवण गोड लागत होतं; खऱ्या आकड्यांनी भाचा जेवेना. वन्सं दिवसाकाठी जास्त झोपायला लागल्या. एकदा दुपारी त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "वैनी, काय हाय का भांड्यात?"

"आहे थोडी."

"खरं सांग."

"थोडी आहे, वन्सं. थोडीच आहे."

त्यांनी माझा हात धरला आणि तसाच धरून झोपल्या. त्यांनी कधी माझा हात धरला असेल तर लग्नात, मला माप ओलांडायला लावताना. मला पाणी प्यायला उठायचं होतं, मी उठले नाही.

विश्वास कोणाचाच राहिला नव्हता, म्हणून डॉक्टरने हुकूम काढला होता की वन्सं पडद्यामागे गेल्या की सिस्टरनेही आत थांबायचं. हा अपमान वन्संना किडनीपेक्षा जास्त लागला. "सासूच्या राज्यात बी माझ्यावर असा पहारा नव्हता," त्या म्हणायच्या. "ए पोरी, तिकडं तोंड कर. भिंतीकडं. कान बी झाक." ती बिचारी भिंतीकडे तोंड करून, कानावर हात ठेवून उभी राहायची, आणि मी बाहेर बसून वाट बघायचे.

एके सकाळी त्या आत गेल्या आणि बाहेरच येईनात. आवाजही नाही. भाचा उठून उभा राहिला. मी हाक मारली, "वन्सं?"

"थांब!" आतून जोरात उत्तर आलं. "अजून चालूच हाय!"

सिस्टर भांडं घेऊन बाहेर आली ती दोन्ही हातांनी धरून. अर्ध्याच्या वर होतं. पिवळं, खरंखुरं, कोणालाही ओळखू येईल असं. वन्संनी ते ओतू दिलं नाही. डॉक्टर येईपर्यंत झाकून ठेवायला लावलं, आणि तो आल्यावर म्हणाल्या, "वास घेऊन बगा. मागून म्हनचाल, आजीनं ह्यात बी काय मिसळलं."

डॉक्टरने वास घेतला नाही, पट्टी बुडवली. साखर नव्हती. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन थोडं उतरलं, मग आणखी उतरलं. पोटही हलकं दिसायला लागलं, आणि त्यांनी सिस्टरला तिच्या लग्नाचं विचारायला सुरुवात केली, त्यावरून मी ओळखलं की त्या बऱ्या होत आहेत.

एका सकाळी डॉक्टर स्टूल ओढून बसला. या वेळी त्याने मला आणि भाच्याला वरांड्यात नेलं नाही, त्यांनाच सांगितलं. "आजी, किडन्या सुरू झाल्या. पण लिव्हर आहे तसंच आहे. ते बरं होणारं नाही. जंतू लागले, पोट बिघडलं, ती दुखण्याची गोळी पुन्हा घेतली, तर हे सगळं परत होऊ शकतं. आणि दर वेळी इंजेक्शन ऐकेलच असं नाही."

"म्हंजी मी बरी झाले का न्हाई?"

"किडनी बरी झाली. सांभाळून राहिलात तर चांगले दिवस मिळतील."

"किती?"

"ते मला खरंच सांगता येत नाही आजी."

भाचा पुन्हा भिंतीकडे वळला होता. मी तुमच्या आजोबांच्या या बहिणीकडे बघत होते. डोळ्यांतला पिवळेपणा अजून गेला नव्हता. त्यांनी डॉक्टरकडे नीट निरखून बघितलं, खरं बोलतोय की नाही ते पारखून घेतलं, आणि पाय कॉटखाली सोडून चपला चाचपायला लागल्या.

"मंग थोडे असतील तर हितं कशाला घालवायलीय मी ते?" त्या म्हणाल्या. "सुट्टी द्या. माझं बियानं घ्यायचं राहिलंय."